डबलरावांची दोन कार्डं

आमच्या ह्यांना कामावर सगळे डबलराव म्हणतात, आणि ते नाव त्यांनी स्वतःच्या हिमतीवर कमावलेलं आहे. घराच्या दाराला दोन कुलपं. उशाशी दोन गजर, कारण पहिल्यावर विश्वास नाही. प्रवासाला निघाले की चष्मेसुद्धा दोन. एकदा मी विचारलं, "आणि दुसरी बायको कुठे ठेवलीय?" तर हसलेसुद्धा नाहीत. हसण्यासारखं त्यात काय आहे, हे त्यांना खरंच कळलं नाही.

हे लिफ्टचे मेकॅनिक आहेत. लिफ्टच्या डोक्यावर उभं राहायचं, अंधाऱ्या विहिरीसारख्या त्या खोल जागेत सावकाश खाली उतरत जायचं आणि हातातलं कापड दोरांवरून फिरवत राहायचं, हे त्यांचं काम. पोलादी दोराची एखादी तार तुटलेली असली की कापड तिथे अडकतं. नवीन लग्न झालेलं असताना एका गोदामातल्या जुन्या माललिफ्टवर ते असेच उभे होते आणि दोन दोरांपैकी एक त्यांच्या डोळ्यांसमोर सुटला. दुसऱ्याने लिफ्ट धरली. त्या दिवशी घरी आले ते बुटांसकट पलंगावर बसून राहिले. तेव्हापासून 'एकावर भरवसा ठेवायचा नाही' हे त्यांच्या अंगात भिनलं. मी चिडते, टोमणे मारते, पण त्या दुसऱ्या दोराने माझा संसार वाचवला हे मलाही माहीत आहे. त्यामुळे माझं चिडणं एका मर्यादेपुढे जात नाही.

आमची लेक मात्र त्यांच्यावर गेलेली नाही. तिला घरात बारकी म्हणतात, जरी आता ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे. बारकी कॉम्प्युटरवर लढाईचे खेळ खेळते. मला आधी वाटायचं वेळ फुकट घालवते. पण एका मोठ्या संघाने तिचा खेळ कुठेतरी पाहिला आणि तिला चाचणीला बोलावलं. निवड झाली तर संघाच्या घरात राहायचं, पगार घ्यायचा आणि खेळायचं. तिच्यासारख्या कित्येक जणांमधून हे बोलावणं तिला आलं होतं. चाचणी आपापल्या घरून द्यायची होती, त्यांच्या खेळाडूंविरुद्ध तीन डाव. तिकडे बसलेले लोक तिचा पडदा बघणार.

घोडं पेंड खात होतं ते तिच्या मशीनपाशी. पडद्यावर चित्र उमटवायचं काम जे ग्राफिक्स कार्ड करतं, ते जुनं झालं होतं आणि नव्या खेळापुढे धापा टाकत होतं. त्या काळात एकाऐवजी दोन कार्डं जोडायचं भलतंच वेड होतं. सारखी दोन मध्यम कार्डं घ्या, किंवा तेवढ्याच किमतीत एक ताकदवान घ्या.

"एकच," बारकी म्हणाली.

"दोन," हे म्हणाले.

दुकानात आम्ही तिघंही गेलो. काउंटरवर कॉम्प्युटरवाल्याने तिन्ही खोकी मांडून ठेवली होती. ह्यांनी त्याला पहिलाच प्रश्न विचारला, "यातलं एक बंद पडलं तर?"

"दुसरं आहे की," तो खोक्यावरची धूळ पुसत म्हणाला.

झालं. ह्यांचा चेहरा उजळला.

"बाबा, ते तसं नसतं," बारकी म्हणाली. "ती दोघं मिळून एकच काम करतात. एक चित्र हे काढतं, पुढचं ते काढतं, आणि मध्ये जर कुणाला जरा उशीर—"

"थांब गं. मी आयुष्यभर हेच काम केलंय."

"हे काम नाही केलंत तुम्ही. माझं ऐकून तर—"

"चाचणीच्या दिवशी ते तुझं एकुलतं एक कार्ड बंद पडलं तर काय करशील? सांग ना!"

ती माझ्याकडे बघत होती. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी म्हटलं, "अहो, तिला बोलू तर द्या." पण तोवर दोन खोकी ह्यांच्या काखेत गेली होती. परत येताना बारकी आमच्यापुढे चालत होती, आणि तिच्या पाठीकडे बघूनच मला कळलं की तिने मूग गिळलेत.

घरी आल्यावर ह्यांनी स्वतः बसून कार्डं बसवली. काम नीटनेटकं, त्यात त्यांना नाव ठेवायला जागा नाही. एकाखाली एक, दोघांना जोडणारी पट्टी, मशीनच्या डब्याचं झाकण आणि झाकणाला दुप्पट स्क्रू. वर दोन प्लास्टिकच्या पट्ट्या आवळून बांधल्या. मी म्हटलं, "तिजोरी आहे का ही?" ह्यांनी पट्टी आणखी आवळली.

खेळ सुरू केला. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा दिसतो, सेकंदाला किती चित्रं उमटतात त्याचा. तो आधीपेक्षा पुष्कळ मोठा होता. हे खूश होऊन मला म्हणाले, "बघ!"

"आकडा नका बघू," बारकी म्हणाली. "चित्र बघा. अडखळतंय."

मी पाहिलं. पळणारा माणूस मधूनच किंचित उचकी लागल्यासारखा थबकायचा. ह्यांना ते दिसत नव्हतं, किंवा बघायचं नव्हतं. नवीन आहे, रुळेल, म्हणाले. जणू बूटच आहेत! दुकानदाराने बदलून द्यायला साफ नकार दिला. बारकीने सेटिंग हलवून पाहिलं, लोकांना विचारून पाहिलं. एक कार्ड काढू या म्हणाली, तर ह्यांनी तिचं बोलणं तिथेच तोडलं. जेवताना तिचं लक्ष नसायचं. चाचणीचा दिवस जवळ आला तसं घरात भांडं वाजलं तरी आम्ही तिघंही दचकायला लागलो.

चाचणी दुपारी होती. खिडकीवर ऊन आलं होतं. आवाज नको म्हणून खोलीचं दार लावलेलं, आणि आम्हाला तिने अट घातली होती की मागे उभं राहा, पण बोलू नका. कानावर हेडफोन चढवून ती बसली. पहिला डाव सुरू झाला.

सुरुवात तिने झकास केली. मला खेळ कळत नाही, पण तिचे खांदे सैल होते, एवढं मला कळतं. मग डब्यातला पंखा गुरगुरायला लागला. आवाज वाढत गेला. एका वळणावर समोरून त्यांचा खेळाडू आला, बारकीचा हात हलला आणि चित्र थिजलं. पापणी लवायच्या आत पुन्हा चाललं, पण तोवर खेळात ती मेली होती. पुन्हा तेच. आणि पुन्हा. मी ह्यांच्याकडे पाहिलं. या वेळी त्यांनाही दिसलं होतं. तोंडचं पाणी पळालं होतं त्यांच्या.

डाव गेला. मध्ये थोडी सुट्टी होती. बारकीने हेडफोन काढून गळ्यात घेतला आणि मागे न बघता म्हणाली, "खालचं कार्ड काढायला लागेल."

"सेटिंगमध्ये बंद कर ना फक्त," हे म्हणाले.

"करून पाहिलंय परवा. बंद केलं तरी ते वरच्याच्या पंख्याला चिकटून बसलंय. वरच्याला हवा मिळत नाही. भाजून निघालंय ते."

"पण मग एकच राहील..."

"बाबा!"

ती इतक्या जोरात ओरडली की मी दाराला टेकले. हे गुडघ्यांवर बसले. मशीन बंद केलं. आता त्या पट्ट्या! कात्री कुठे आहे ते कुणालाच आठवेना. मी स्वयंपाकघरात पळाले, सुरी आणली. पट्ट्या कापल्या. मग ते स्क्रू, एक, दुसरा, त्याच्या शेजारी आणखी एक. ज्या हातांनी आयुष्यभर लोकांना अडकलेल्या लिफ्टमधून बाहेर काढलं, ते हात स्क्रूवर घसरत होते. त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी कीवही आली की सुरी हातातच राहिली.

झाकण निघालं तेव्हा गरम हवा थेट तोंडावर आली. जोडणारी पट्टी निघाली. पण कार्ड निघेना. मागे एक बारीक खिट्टी असते, ती दाबल्याशिवाय सुटत नाही, आणि ह्यांचं बोट तिथे शिरत नव्हतं. बारकी खाली बसली, स्वतःचं बोट आत घातलं. "आता ओढा." त्यांनी ओढलं. बारकीचं बोट भाजलं, तरी तिने खिट्टी सोडली नाही.

झाकण तसंच बाजूला टाकून मशीन लावलं. पडदा काळा. मी देवाचं नाव घेतलं. मग उजळला. तिने घाईघाईने चित्राचा दर्जा कमी केला, कारण मध्यमच असलेलं एकटं कार्ड सगळं पेलणार नव्हतं, आणि हेडफोन चढवला.

दुसरा डाव तिने जिंकला. पडदा फिकट दिसत होता, आकडाही आधीपेक्षा लहान होता, पण चित्र पाण्यासारखं वाहत होतं. तिसराही जिंकला. माझा जीव भांड्यात पडला. हे मात्र भिंतीशी उभे होते, काढलेलं कार्ड हातात धरून, ते खाली ठेवायचंसुद्धा त्यांना सुचलं नव्हतं.

संघाचा फोन आला तेव्हा आम्ही जेवून उठत होतो. बारकीने ऐकून घेतलं, "हो," "समजलं," "थँक्यू" म्हणाली आणि फोन ठेवला. शेवटी तिच्यात आणि आणखी एका मुलात चुरस होती, तिने सांगितलं. त्या मुलाने तिन्ही डाव जिंकले होते. त्याला घेतलं.

बारकी ताटं गोळा करायला लागली. मग ह्यांनी विचारलं, "पहिला डाव कशामुळे गेला?"

"माझीच चूक," ती ताट उचलत म्हणाली. "घाबरले होते."

"खोटं बोलू नकोस. लिफ्ट बंद पडली आणि दोष माझ्या कामाचा असला, तर मी तसं तोंडावर सांगतो. तूही सांग."

तिने ताट आपटलं. "तुमच्यामुळे गेला! आता ऐकलंत? मी दुकानात सांगत होते, घरी सांगत होते. तुम्ही एकदासुद्धा मला वाक्य पुरं करू दिलं नाहीत. भीती तुमची, आणि बसवलीत माझ्या मशीनमध्ये!"

मला वाटलं आता ह्यांचा पारा चढणार. मी मध्ये पडायच्या तयारीत होते. पण ते खुर्ची ओढून बसले. चेहरा उतरलेला, एकदम म्हातारा दिसत होता.

"दुकानात काय सांगत होतीस?"

"आता काय उपयोग त्याचा?"

"काही नाही. तरी सांग. पहिल्यापासून."

ती उभ्या उभ्याच सांगायला लागली, रडत, नाक ओढत, मधूनच चिडून. एक कार्ड चित्र काढतं म्हणजे काय, दुसरं त्याची वाट कशी बघतं, एकाला उशीर झाला की दोघांचं कसं नासतं. एका ठिकाणी ह्यांचं तोंड उघडलं. ती तिथेच थांबली आणि त्यांच्याकडे बघत राहिली, हे आता बोलणार म्हणून.

ते बोलले नाहीत. मग ती पुढचं सांगू लागली.