कॅसेट शेवटची

रंगनाथ गायखे लग्नांचं शूटिंग करायचा. कॅसेटवर चिकटवलेली चिठ्ठी त्याच्याकडे आठवडाभर टिकली असेल तर शपथ. म्हणून कॅमेरा सुरू केला की तो आधी तोंडाने बोलून ठेवायचा, "देवळा, देवऱ्यांचं लग्न, कॅसेट पहिली." मग समोरच्या बायकांना सांगायचा, "पदर सारखा करा, वहिनी."

२००३ साली तो गेला. तीन वर्षांनी त्याच्या बायकोने, प्रतिभाने, द्वारका चौकात दुकान टाकलं आणि जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून वेबसाइटवर चढवायला घेतल्या. चांदवडची लेक अमेरिकेत असली, तरी तिला तिथे बसून आपलं लग्न बघता यावं, एवढाच हेतू. पण साइटवर फाइल उघडली की नुसता काळा चौकोन दिसायचा. साइटला चालेल अशा प्रकारात प्रत्येक फाइल बदलून घ्यावी लागे. प्रतिभा चिवट बाई. दोनशे अकरा लग्नं तिने अशी चालती केली.

एक फाइल तेवढी हटून बसली होती. ती तिने चारदा बदलून पाहिली. पाचव्यांदा, भर दुपारी, चौकोन काळाच राहिला, पण आवाज आला. रंगनाथचा.

"द्वारका, प्रतिभाचं दुकान, कॅसेट शेवटची."

हे दुकान त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

मग चित्र हळूहळू उजळलं. कॉम्प्युटरसमोर एक बाई पाठमोरी बसली होती. तिच्या अंगावर प्रतिभाने आज सकाळी नेसलेली जांभळी साडी होती.

प्रतिभाने मागे वळून पाहिलं नाही. तिने फक्त पदर सारखा केला.