चतुर्थीची ड्युटी

बांद्याजवळ हायवेवर आमचा पेट्रोलपंप आहे. तिथला हिशोब मी सांभाळते. चतुर्थीला सगळा जिल्हा आपापल्या गणपतीपुढे असतो, पण पंप बंद ठेवता येत नाही. मुंबईकरांच्या गाड्या काय पाण्यावर चालणार? त्यामुळे त्या दिवशीच्या ड्युटीवरून आमच्यात दरवर्षी भांडणं ठरलेली.

यंदा भांडण झालंच नाही. पेट्रोल भरणाऱ्या एकाच्या भावकीत कोणीतरी गेलं आणि घरात सुतक आलं, म्हणजे गणपती नाही. सगळ्यांनी मनातल्या मनात त्याला ड्युटी देऊनही टाकली. तोही म्हणाला, "मी बसतंय. माझ्याकडे यंदा काय आसा?"

आमची मॅनेजरबाई तोंडाची फटकळ. 'सहकाऱ्यांच्या भावना ओळखा' असं शिकवणाऱ्या ट्रेनिंगला आम्हाला धाडलं होतं, तिथे ती चक्क घोरत होती. तिने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं.

"घराक कोण आसा रे?"

"बाबा. एकटेच."

"जेवतत मां?"

तो खाली बघत म्हणाला, "काल पेज पण घेवक नाय. रिकाम्या चौरंगासमोर बसान रवतत."

उभी हयात त्या म्हाताऱ्याने घरची पूजा केलेली. सुतकात दुसऱ्याच्या गणपतीला जाता येत नाही आणि आपल्या दारी कोणी फिरकत नाही. हे आम्हाला जन्मापासून ठाऊक, पण 'घरी कोण आहे' एवढं विचारायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. मला सगळ्यांचाच राग आला.

"ड्युटी तुझीच," बाई म्हणाली. "पण बाबांका घेवन ये. डबो पण हाड, हयंच जेवतले."

"बाई, पंपार म्हातारो मनीस काय करतलो?" मी विचारलं.

"तुका कित्याक पंचाईत? तू घराक जावन मोदक कर."

चतुर्थीच्या सकाळी मूर्ती घडवतात त्या गणपतीच्या शाळेतून आमची मूर्ती घेऊन आम्ही निघालो. नवरा गाडी चालवत होता आणि मूर्ती माझ्या मांडीवर होती, तोंडावर रुमाल टाकलेली. पेट्रोलसाठी पंपावर वळलो तेव्हा बाईने खुर्ची कुठे मांडून घेतली होती ते दिसलं. गाड्या जिथे थांबतात तिथेच, सावलीत, चार हात लांब. पुढे एक टेम्पो उभा होता, त्यातही गणपती. मागून आणखी गाड्या येत होत्या. आजूबाजूच्या गावांतले निम्मे गणपती याच वाटेने घरी जातात, हे रोज तिथे बसूनही माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

खुर्चीवर म्हातारे धुतलेलं धोतर नेसून बसलेले. आमची गाडी थांबताच ते उठले, चपला काढल्या आणि लांबूनच हात जोडले. जवळ काही आले नाहीत. मूर्ती जरा त्यांच्या बाजूला वळवण्यापलीकडे मला काही सुचेना.

"बरी आसा गो मूर्ती," ते म्हणाले. "हात सरळ बसलो हा."

मग ते परत खुर्चीवर टेकले आणि आमच्या टाकीत पेट्रोल भरणाऱ्या आपल्या मुलाला त्यांनी विचारलं, "डबो खंय ठेवलंस रे?"