हवा सोडण्यात येईल!

यवतमाळात माझी दोन घरं आहेत आणि दोन्हींत माझं कोणी ऐकत नाही.

एकात मी आणि सौ. राहतो. दुसरं अगदी लागूनच आहे: दोन खोल्या, अंगण, कडुलिंब आणि फाटक. तिथे प्रज्ञा नावाची नर्स भाड्याने राहते. अशी भाडेकरीण नशिबानेच मिळते! दर रविवारी माझा बीपी तपासते, सौ.ला गोळ्यांची आठवण करून देते. मुलं पुण्यात असल्यामुळे 'जेवले का?' असं आम्हाला रोज विचारणारं गावात तेवढं एकच माणूस आहे.

एका सोमवारी सकाळी ती दारात उभी राहिली.

"काका, माह्या अंगणात रोज कोनाची तरी पिकअप उभी राह्यते. फाटकच अडवून टाकते. स्कूटी काढू कुठून? ऑटोनं जाऊन राह्यली मी, अन् रोज उशिरा पोचून बोलनं खाऊन राह्यली. तुमच्यानं होत नसन तर सांगा. शनिवारपर्यंत पाह्यते, नाही तर दुसरी खोली शोधते."

प्रज्ञा गेली तर आमचं कसं होणार?

"बेटा, तू कायले काळजी करतं? मी पाह्यतो ना!" मी म्हणालो. (आतून सौ. खोकली.)

तीस वर्षं कचेरीत आवक-जावक सांभाळलेला माणूस आधी कागद काढतो. मी लिहिलं: 'सदर जागेत अनधिकृतपणे उभ्या केलेल्या वाहनाची हवा सोडण्यात येईल. हुकमावरून.' आणि कागद पिकअपच्या वायपरखाली खोचला.

दुसऱ्या दिवशी पिकअप तिथेच! कागद मात्र नीट घडी करून फाटकाला लावलेला आणि सोबत मेथीची ताजी जुडी. (मेथी सौ.ने केली. मी एक भाकर जास्त खाल्ली आणि कारवाई पुढे ढकलली.)

गुरुवारी मात्र मी पेटलो. आगपेटीची काडी घेतली, इकडेतिकडे पाहिलं आणि मागच्या चाकाची हवा सोडली. फुस्स्स! एवढा पराक्रम मी लग्नातही केला नव्हता.

तेवढ्यात ड्यूटीला निघालेली प्रज्ञा बाहेर आली. "काका, काय करून राह्यले?"

"हवा सोडली! आता जाऊन दाखव म्हणा त्याले!"

"पन काका," ती शांतपणे म्हणाली, "आपल्याले तर तो जायलेच पाह्यजे होता ना?"

हा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता.

मी काडी खिशात लपवत असतानाच हातात रिकामी टोपली घेऊन गाडीवाला आला. मी सगळा राग त्याच्यावर काढला. "काय रे, तुह्या बापाची जागा हाय का?" आवाज ऐकून सौ. धावत आली आणि थबकली.

"अगं बाई! तू कळंबच्या बबनकाकाचा गजू ना रे?"

"सुनंदाताई! तुमी इथं?"

झालं! कळंब हे सौ.चं माहेर. बायकोच्या गावचा प्रत्येक पुरुष आपला साळा आणि आपण अख्ख्या गावाचे जावई, हा आमच्याकडचा कायदा. गजू तिथेच माझ्या पाया पडला.

"जवाईबापू, मंडईत भाजी उतरवतो अन् सावली पाहून इथं गाडी लावतो. कागद पाह्यला तं लाजच वाटली, म्हनून मेथी ठेवली. ते कोनी वापस नाही केली, तं मले वाटलं परवानगी भेटली! पन हे पाहा ना, कोन्या नालायकानं हवा सोडली?"

सौ.ने माझ्याकडे पाहिलं. प्रज्ञाने माझ्याकडे पाहिलं. मी कडुलिंबाकडे पाहिलं.

मग नालायक चौकातून पायाने मारायचा पंप मागून घेऊन आला. गजू ओट्यावर पोहे खात होता आणि मी पंप मारत होतो.

"जवाईबापू, राहू द्या ना, मी मारतो!"

"तू बस रे," सौ. म्हणाली. "त्यायले डॉक्टरनं व्यायाम सांगतला हाय."

आता स्कूटी निघेल म्हणून प्रज्ञाही ऑटो न करता थांबलेली. तिने मध्येच माझा बीपी मोजला आणि आकडा सांगायचं टाळलं.

शेवटी टायर भरलं. गजूने प्रज्ञापुढे हात जोडले. "ताई, उद्यापासून इथं गाडी दिसनार नाही."

"मग उन्हात कुठी लावशीन?" सौ. कळवळली. "आमच्या पोर्चमध्ये लाव!"

गावाच्या जावयाने यावर काय बोलायचं? शुक्रवारी पोर्चमध्ये पिकअप आली आणि माझी स्कूटर रस्त्यावर उन्हात गेली. सीट इतकी तापली की मी उभ्यानेच चालवत घरी आलो.

म्हणून शनिवारी मी विचार केला, घर माझं, कडुलिंबही माझा! स्कूटर हळूच प्रज्ञाच्या फाटकात लावली आणि आत येऊन झोपलो.

दुपारी पाहतो तर पुढचं चाक बसलेलं. हँडलला एक कागद. घडी ओळखीची, अक्षर त्याहून ओळखीचं: '...वाहनाची हवा सोडण्यात येईल. हुकमावरून.'

खाली प्रज्ञाने दोन ओळींची भर घातली होती: 'काका, सोडली. पंप ओट्यावर आहे. दमले तर आवाज द्या, मी कुठी जाऊन नाही राह्यली.'

वाचून डोळ्यांत पाणी आलं. मग मी बाह्या सरसावल्या. चला, या वेळी निदान कामाचा अनुभव तरी होता!