मगदूमांचा आठवा दिवस

दीड महिन्यापूर्वी एका सकाळी कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बातमी आली. ‘मिक्सरवाले मगदूम गेले. काल गावीच, झोपेत.’ खाली सात-आठ जणांनी हात जोडले. मग एकीने विचारलं, ‘आता मिक्सर-फ्रिजसाठी दुसरा कुणी प्रामाणिक माणूस आहे का?’ कराडात असा माणूस शोधणं म्हणजे काय ते आम्हां सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे तिला कुणी नावं ठेवली नाहीत. त्याखाली पाटीलकाकूंनी लिहिलं, ‘माणूस सरळ होता, पण हात जरा कच्चा होता.’ त्यावर दोघींनी ‘खरंय’ लिहिलं. हे वाक्य बारा-तेरा वर्षं कॉलनीत फिरतं आहे आणि ते आमच्या घरातून बाहेर पडलेलं आहे. त्याचं उत्तर ग्रुपवर दोन ओळींत देता येईना, म्हणून हा लेख.

मगदूम सांगलीकडचे, वाळव्याच्या बाजूच्या एका गावातले. जैन शेतकऱ्याचं घर. पण शेतावर दोन भाऊ होते आणि यांचं लक्ष लहानपणापासून यंत्रात. गावाहून कराडला यायचे, कधी मोटारसायकलवर, पुढे पुढे एसटीने. काम करण्याची त्यांची एक पद्धत होती. ओट्यावर काही ठेवायचे नाहीत. जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचं, घरातल्या कुणाला तरी समोर बसवायचं आणि मगच मिक्सर खोलायचा. काढलेला जुना भाग कागदात गुंडाळून आपल्या हातात द्यायचे. एकदा आमच्या फ्रिजचं दार लागेना. शोरूमच्या माणसाने पूर्ण दार बदलायला सांगितलं होतं. मगदूमांनी कोमट पाणी मागितलं, दाराचं रबर स्वच्छ पुसून शेकलं आणि म्हणाले, “वैनी, ह्याला काय झाल्यालं न्हाई. आमरसाचा थर बसलाय निस्ता.” तो फ्रिज अजून चालू आहे.

आता ती गोष्ट. तेव्हा सासूबाई होत्या. मसाला कांडपाच्या डंकावरच कुटायचा, मिक्सरला लावायचा नाही, हा त्यांचा कायदा. त्या उन्हाळ्यात त्या आठवडाभर आटपाडीला लेकीकडे गेल्या आणि जाताना मिरच्या, खोबरं, कांदा-लसूण, सगळं माझ्यावर सोपवून गेल्या. डंकावर रांग ही एवढी, आणि माझी शाळेतली नोकरी चालू. मी विचार केला, कोण बघतंय? चार किलोचा कांदा-लसूण मसाला मी मिक्सरवर काढला. मिक्सर तापून मध्येच बंद पडायचा. मी त्याच्या बुडाचं लाल बटण दाबायची आणि पुन्हा सुरू करायची. असं किती वेळा केलं ते आठवत नाही. शेवटी धूर आला आणि बटणाने ऐकणं सोडलं. त्याच्या आदल्याच आठवड्यात मगदूम तो मिक्सर दुरुस्त करून गेले होते.

मी मिक्सर पुसला, दात घासायच्या ब्रशने फटी साफ केल्या, खिडक्या उघडल्या. सासूबाई आल्या तेव्हा एवढंच सांगितलं की, चटणी वाटताना बंद पडला. मगदूम आले. सासूबाई त्यांच्यासमोर पाटावर बसल्या. “आठ दिवसांत जळला कसा? काय बसवून गेलासा तुमी?” मगदूमांनी मिक्सर खोलला आणि अगदी नाक टेकेल इतके खाली वाकले. मी दारात उभी. ते बराच वेळ तसेच होते… मग मान वर करून त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि सासूबाईंना म्हणाले, “काकी, माझ्याच हातनं काय तरी ऱ्हायलं असंल. मोटारीची तार नवी भरून देतो. पैसं नगंत.”

मी मनात म्हटलं, यांना वास आला. कांदा-लसूण न खाणाऱ्या माणसाला तो वास फर्लांगावरून येतो. त्यांनी मला सांभाळून घेतलं, असं धरून मी चालले. सासूबाईंनी मात्र चार घरं गाठली. ‘माणूस सरळ हाय, पण हात कच्चा.’ पुढच्या वर्षभरात कॉलनीतली निम्मी कामं दुसरीकडे गेली. मी गप्प राहिले. मोठ्या मनाच्या माणसाचं मोठेपण फुकटात वापरायला मला काही जड गेलं नाही.

सासूबाई गेल्यावर मी मगदूमांना पुन्हा बोलावू लागले. तेव्हा एक नवीन गोष्ट दिसली. काम करून गेले की आठव्या दिवशी, न बोलावता, परत यायचे. मिक्सर चालवून बघायचे, त्यावर तळहात ठेवून उभे राहायचे, “ठीक हाय” म्हणायचे आणि निघायचे. चहासुद्धा नको. मला वाटायचं, हे आपल्याला बोलायची संधी देताहेत. एकदा मी सुरुवातही केली, “मगदूम, त्या वेळचा मिक्सर…” ते लगेच म्हणाले, “आवं वैनी, ते कशाला काढता आता.” झालं, मला तेवढंच हवं होतं. त्यांनी माफ केलं, असं समजून मी विषय मिटवला.

गेल्या पंधरवड्यात त्यांच्या गावी भेटायला गेले. पडवीत त्यांच्या पत्नी, सुमनताई, बसल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, “मोटारी भरायच्या वार्निशच्या वासानं त्यांचं नाक कवाच गेल्तं. माझं लगीन झालं तवापासनं त्यास्नी वास म्हणून येतच नव्हता. दूध करपलं तरी कळायचं न्हाई.”

मी आठव्या दिवसाबद्दल विचारलं.

“कराडात एका घरात त्यांच्या हातनं चूक झालती,” त्या म्हणाल्या. “काय चुकलं ते त्यास्नी शेवटपतोर घावलं न्हाई. तवापासनं ते आठव्या दिशी जायाचंच. आवंदा पाय लय सुजल्यालं, तरी यष्टीनं जायाचं.”

म्हणजे मला कुणी सांभाळून घेतलं नव्हतं आणि माफही केलं नव्हतं. एका माणसाला मी त्याच्याच हातावर संशय घ्यायला लावला होता आणि तो ते ओझं एसटीने वाहत होता. मी सुमनताईंना सगळं सांगितलं. चार किलो, लाल बटण, ब्रश, काही झाकून ठेवलं नाही. लाज वाटली, अजून वाटते.

त्यांनी पदराने गुडघ्यावरची धूळ झटकली.

“आदी बोलला असता वैनी,” त्या म्हणाल्या, “तर आठव्या दिशी ते घरी बसलं असतं.”