परमिट रूमच्या मागचं सायकल स्टँड

शेंद्र्याच्या एका औषध कंपनीत मी गोळ्यांच्या पाकिटांवर शेवटची नजर टाकायचं काम करते. दिवसपाळीला कंपनीची बस जालना रोडच्या आमच्या फाट्यावर अंधार फिटायच्या आधी येते. फाट्यापासून आमची वस्ती आत, डांबर संपल्यावरही बरीच आत. त्या वेळेला रिक्षा नसते. नवरा ट्रकवर, घरी असला तर असला. म्हणून मी सायकल घेतली. फाट्यावर बस थांबते तिथं लिंबाचं झाड आहे, त्याच्या लोखंडी कठड्याला साखळीनं बांधायची आणि बसमध्ये चढायची. घरी परतताना तिला तिथं बघितलं की अर्धा शीण तिथंच उतरायचा.

एका संध्याकाळी बसमधून उतरले तर साखळी होती, कुलूप होतं, सायकल नव्हती. साखळी कापून खाली टाकलेली. मी तिथंच कठड्यावर बसले. रडू आलं, आणि रस्त्यावर रडतेय याची लाज वाटून आणखी आलं.

झाडाच्या अगदी मागं एक परमिट रूम आहे. लाल-हिरवे दिवे, काळ्या काचेचं दार. त्या दाराकडं पाठ करून उभं राहायची आम्हा बसच्या बायकांची सवयच होती. त्या दिवशी बाजूच्या छोट्या फाटकातून एक बाई बाहेर आली. हातात बादली, पदर खोचलेला. माझ्याच वयाची असावी.

"काय झालं ओ ताई?"

मी साखळी दाखवली.

"नेली व्हय! लई हरामखोर हायेत." तिनं मला आत नेलं नाही, तिथंच तांब्याभर पाणी आणून दिलं. मी पीत असताना म्हणाली, "दुसरी घेतली की आमच्याकडं लावत जा. मागं अंगण हाय, फाटक हाय. आम्ही मागंच राहतो. पाण्यासाठी मला लवकर उठावंच लागतं, तुमच्या बसच्या आधी."

ती बार चालवणाऱ्याची बायको. करमाडकडचं शेतकरी घर, धाकट्या भावाकडं शेती सोपवून हे दोघं इथं आलेले. मी मान हलवली आणि चालत घरी गेले. बारमध्ये सायकल लावायची, हे काही डोक्यात शिरत नव्हतं.

त्यानंतर बरेच दिवस मी चालतच फाट्यावर जायची. गल्लीच्या तोंडाशी कुत्री. हातात दगड घेऊन निघायची. सासऱ्यांना ते बघवलं नाही. त्यांना मी मामा म्हणते. ते पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, जयंतीच्या कमानींच्या. फ्लेक्स आले आणि काम गेलं, पण ब्रश अजून धुऊन ठेवतात. त्यांनी ओळखीच्या मेकॅनिककडून एक जुनी सायकल मिळवली, घासली, हिरवा रंग दिला आणि दारात उभी केली.

"आता कुठं लावशील?"

"फाट्यावरच्या बारमध्ये," मी म्हणाले. "मागच्या अंगणात. त्या वहिनींनी स्वतःहून सांगितलंय."

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. आमच्या घरात पंचशील नुसतं म्हणत नाहीत, पाळतात. वस्तीतलं दारूचं दुकान बंद करायला बायकांचा मोर्चा निघाला तेव्हा त्याच्या पाट्या मामांनी रात्रभर बसून लिहिल्या होत्या.

"त्या दारात माझ्या घरची सायकल उभी राहणार नाय."

"मग दुसरी जागा दाखवा, मामा."

मी चिडून नाही बोलले. खरंच दुसरी जागा असती तर मलाही हवी होती. मामा दुसऱ्या दिवशी फाट्यावर गेले. औषधाचं दुकान, पिठाची गिरणी, पेट्रोल पंप, टायरवाला, सगळीकडं विचारून आले. कोणी म्हणालं, आमचं शटर दहाला उघडतं. कोणी म्हणालं, गेली तर आम्ही जबाबदार नाही. संध्याकाळी येऊन पायरीवर बसले. मग म्हणाले, "उद्या मी येतो तुझ्यासंगं."

पहाटे आम्ही दोघं निघालो. मी सायकल धरून, ते शेजारी. वहिनींनी फाटक उघडलं. अंगण नुकतंच झाडून, सडा टाकून झालं होतं. एका कडेला रिकाम्या बाटल्यांचे क्रेट, दुसऱ्या कडेला चूल आणि खुराड्यातल्या कोंबड्या.

"जय भीम, काका," वहिनी म्हणाल्या. "चहा ठेवू का?"

"नको," मामा म्हणाले, पण हात जोडले. मग त्यांनी फाटक हलवून बघितलं, भिंत किती उंच आहे ते बघितलं. तेवढ्यात बस आली आणि मी गेले.

पुढचं मला संध्याकाळी कळलं. मामा तिथून निघालेच नव्हते. बारमालक उठून आला तेव्हा ते अंगणात खुर्चीवर बसलेले. त्यानं विचारलं, "काका, काही काम होतं का?"

"माझी सून इथं सायकल लावणार हाय. जागा कशीय ते बघतोय."

मालकाला राग आला नाही. त्यानं दुसरी खुर्ची ओढली. त्याचंही एक दुखणं होतं. त्याच्याकडं येणारी निम्मी गिऱ्हाइकं सायकलवर येणारी. गवंडी, सेंट्रिंगवाले, गोदामातले हमाल. मोटरसायकलींना पुढं जागा, वॉचमन. सायकली मात्र रस्त्याच्या कडेला पडलेल्या. त्यांच्याही चोरीला जायच्या. दिवसभर विटा उचललेला माणूस बाहेर येतो तर सायकल नाही, मग त्या रात्री तो पायी आणि दुसऱ्या दिवशी कामाला उशिरा.

"गाडीवाल्याला सलाम, सायकलवाल्याला कोणी इचारत नाय," मालक म्हणाला.

"मग स्टँड कर की इथं," मामा म्हणाले. "पण बायकांना त्या काळ्या दारासमोरून यायला लागू नये. हे बाजूचं फाटक त्यांचं."

मालकानं केलं. महिन्याच्या आत समोरच्या वेल्डरकडून लोखंडी पाइपचं स्टँड आलं. प्रत्येक खाचेला कुलूप अडकवायला कडी, वर पत्र्याची शेड, फाटकाशी एक दिवा. पाटी मामांनी स्वतःहून रंगवून नेली. निळ्यावर पांढरी, त्यांच्या त्या गोल, भरदार अक्षरात: सायकल स्टँड. यायचा रस्ता बाजूच्या फाटकातून. कुलूप लावावे. आणि खाली तांबड्यात: प्यालेल्याने सायकल हातात धरून घरी न्यावी.

मालकानं दोनदा वाचली. "काका, गिऱ्हाईक रागावंल ना."

"रागावलेलं उद्या परत येईल," मामा म्हणाले. "ट्रकखाली गेलेलं येणार नाय."

मालक हसला आणि खिळे आणायला आत गेला.

लोक बोललेच. बारच्या फाटकातून बाई भल्या पहाटे बाहेर पडते म्हटल्यावर बोलणारच. बसमध्ये एक-दोघी माझ्याशेजारी बसेनात. एकीनं तर सरळ विचारलं, "तुला दुसरी जागा नाय मिळाली?" मी सांगितलं, नाही मिळाली. काही दिवसांनी तिच्या नवऱ्याची पाळी बदलली, तिला सोडायला कोणी नव्हतं. ती सायकल घेऊन आली आणि माझ्याकडं न बघता विचारलं, "कोणतं फाटक?" मग आणखी दोघी आल्या. सकाळी स्टँडमध्ये आम्ही आमच्या सायकली लावायचो. आम्ही परतायच्या वेळी शेजारी मिस्त्री लोकांच्या लागलेल्या असायच्या, हँडलला थापी-ओळंब्याच्या पिशव्या. कोणी आमच्या सायकलीला बोट लावलं नाही.

एक संध्याकाळ मात्र मला कधी विसरता यायची नाही. बसला उशीर झाला होता, हिवाळा होता, अंधार पडलेला. सायकल काढली तर मागचं चाक बसलेलं. पंक्चरवाला दुकान बंद करून गेलेला. मी सायकल ढकलत निघणार तेवढ्यात आतून एक मिस्त्री बाहेर आले. पांढऱ्या मिशा, शर्टावर सिमेंट. घेतलेली होती, पण पाय जाग्यावर होते. त्यांनी माझं चाक बघितलं, मग पाटीकडं बघितलं.

"ताई, आमाला तर हातातच धरून न्यायचीय. तुमच्याबी चाकात हवा नाय. चला, वाट एकच हाय."

मी घाबरले नाही असं म्हणणार नाही. वहिनींकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "जा बिनधास्त. लई वर्षांचं गिऱ्हाईक हाय, मी वळखते."

ते पुढं चालत राहिले, मी बऱ्याच अंतरानं मागं. सगळी वाट त्यांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही. नुसती अधूनमधून घंटी वाजवायचे. पहिल्यांदा कळेना का ते. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि कळलं. घंटी ऐकून कुत्री आधीच बाजूला झाली होती. मी आत वळले. ते तसेच घंटी वाजवत पुढं गेले. मी आभार मानले, ते त्यांना ऐकू गेले की नाही कोण जाणे. घरी मामांना सांगितलं. ते म्हणाले, "पीत नसता तर लई बरं झालं असतं," आणि थोड्या वेळानं, "माणूस चांगलाय."

मामांचं दारूबद्दलचं मत आजही तेच आहे. बारच्या आत त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. पण पाटीचा रंग उडाला की ब्रश घेऊन जातात, आणि आता वहिनींचा चहा घेतात.

गेल्या वर्षी एकदा सायकल लावत असताना वहिनी म्हणाल्या, "इतक्या सायकली सांभाळते, पण मला येत नाय चालवता. माहेरी भावांना होती, मला कोणी हात लावू दिला नाय."

"शिकायचीय?"

"आता? ह्या वयात?" म्हणाल्या, आणि लगेच, "कधी?"

रविवारी माझी सुट्टी आणि त्यांच्याकडं दुपारपर्यंत सामसूम. मी कॅरियर धरून अंगणात त्यांना फिरवायची. त्या दोनदा क्रेटवर आदळल्या, एकदा कोंबड्यांच्या खुराड्यावर. मालक दारात उभं राहून "ब्रेक, ब्रेक!" ओरडायचा. त्या म्हणायच्या, "तुम्ही आत जा आधी." दिवाळीनंतर एका रविवारी मी कॅरियर सोडला आणि त्यांना कळलंच नाही. अंगणाला पूर्ण वळसा घालून त्या माझ्यासमोर आल्या तेव्हा मला लांब उभी बघून किंचाळल्या, पण पडल्या नाहीत.

फाट्यावर आम्ही दिवसातला किती वेळ घालवतो? सायकल लावायची, काढायची. तरी माझ्या नोकरीची ही सगळी वर्षं त्या अंगणावर उभी आहेत असं मला वाटतं. घरात माझा पगार येतो, मुलगी कॉलेजात जाते, आणि ते जमलं कारण एका बाईनं माझ्यासाठी पहाटे फाटक उघडलं. मी एकदा वहिनींना तसं म्हणाले. त्या म्हणाल्या, "मी तर उठलेलीच असते."

आता रविवारी आम्ही दोघी सकाळी बाजूच्या रस्त्यानं विमानतळाच्या भिंतीपर्यंत जाऊन येतो. त्या माझ्यापुढं असतात. हळू चला म्हटलं तर ऐकत नाहीत.