मिठाचं पाणी करणारे सासरे

समुद्राच्या पाण्याचं एवढं कौतुक करणारा माणूस माझ्या सासऱ्यांशिवाय उभ्या पनवेल तालुक्यात सापडायचा नाही. मी मिठागरवाल्याची मुलगी. आमच्या घरी खारं पाणी म्हणजे बाबांच्या पायांच्या भेगा, आणि अवकाळी सर आली की विरघळून गेलेला हंगाम. त्या घरातून झूलॉजी घेऊन पदवीधर झालेली मी पहिली. लग्न होऊन सुकापूरला आले, तर हॉलमध्ये टीव्हीच्या जागी समुद्री माशांची काचेची टाकी आणि तिच्यासमोर सासरे, म्हणजे अप्पा, बादलीत परदेशी मीठ ढवळत बसलेले! बाबा पहिल्यांदा आले तेव्हा बघतच राहिले. म्हणाले, "व्याही, आमी पान्याचा मीठ करतो, तुमी मिठाचा पानी करता. जमला आपला!"

अप्पा बरीच वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि तोच कारभार त्यांनी टाकीत आणला. टाकीसाठी आणलेल्या समुद्री दगडांच्या भोकांतून न बोलावलेले पाहुणे येतात: केसाळ किडे, चिमुकले खेकडे, नखाएवढे तारामासे. अप्पांच्या लेखी हे सगळे भाडेकरू. "आधी ओळख पटवा, मग राहू द्या," हा नियम, आणि ओळख पटवायची मी. एकदा मी माहेरी असताना त्यांनी एका काळ्या गोळ्याला समुद्री काकडी नावाचा प्राणी समजून लाडात ठेवलं होतं. परत येऊन बघते, तर पंपाचं तुटलेलं रबर! "शांत स्वभावाचं होतं," एवढंच म्हणाले.

मग टाकीतून टक्‌ टक्‌ आवाज येऊ लागला. गोगलगाईंचे फुटके शंख सापडू लागले, पाठोपाठ निळा मासा गेला. माझ्या नवऱ्याने जाहीर केलं, "अप्पा, आणखी एक मासा गेला तर टाकी हॉलमधून बाहेर. तिथे सोफा येईल." अप्पांचा चेहरा पडला. आता उरली होती केशरी माशांची जोडी. सकाळचा चहा ते तिच्यासोबत घेत. तरी बाजू घेतली ती आवाज करणाऱ्याचीच. "एका मोठ्या नांगीची कोळंबी असेल गं. नुसता आवाज करते बिचारी." तशी कोळंबी असते, हे खरं. पण नुसत्या आवाजावर मी शिक्का मारणार नव्हते.

टाकीत रात्र झाल्यासारखं वाटावं म्हणून भर दुपारी अप्पांनी खिडक्यांना चादरी लावल्या, बॅटरीवर लाल कागद बांधला आणि शेजारच्या काकूंना दारातूनच कुजबुजून सांगितलं, "चौकशी चालू आहे." मी काचेला नाक लावून बसले. भोकातून देठांवरचे दोन डोळे बाहेर आले. एक इकडे बघतोय, एक तिकडे. खाली मुडपून धरलेले दोन हात. मोठी नांगी नाहीच.

"अप्पा, ही ती कोळंबी नव्हे. मॅन्टिस श्रिम्प आहे. ठोसा मारून शंख फोडतो. खुनी हाच."

"नक्की?"

"परीक्षेत याच्या भाऊबंदाची आकृती काढलीये मी. नक्की."

दगड बादलीवर धरून भोकात बाटलीतलं सोडा वॉटर ओतलं, तशी स्वारी टपकन खाली. मारायचं नाव काढताच अप्पा उसळले, "पर्यायी जागा दिल्याशिवाय कोणाला बाहेर काढलंय का आपण?" स्वयंपाकघराच्या ओट्यावर छोटी टाकी आली ती अशी.

अप्पांना आता नीट दिसत नाही. ओट्यापाशी चहा घेत बसतात, टक्‌ झालं की म्हणतात, "आहे हो." मग हॉलकडे तोंड करून विचारतात, "सूनबाई, नवीन कोण आलंय?" मी सांगते, ते मान डोलावतात. केशरी जोडी अजून आहे. टाकी हॉलमध्येच आहे, आणि तिच्यातल्या प्रत्येकाचं नाव मला येतं.