दहापर्यंत मोजायचं

“तीन पोरं मोठी केली मी. एक तरी मुकं निघालं का?” दाक्षायणीकाकूंनी तांब्या आपटला. “आणि ही कालची पोरगी मला शिकवणार!”

कालची पोरगी, म्हणजे प्रियंका, समोर फरशीवर बसली होती. घरी पोरं सांभाळणाऱ्या बायकांना शिकवायला एका संस्थेनं तिला नेमलं होतं. दर गुरुवारी यायची, तासभर नुसती बघायची, मग बोलायची. काकूंना ते बघणंच जास्त टोचायचं.

“काकू, मल्हारनं नुसती मान वळवली की तुम्ही पाणी देता. मग त्यानं बोलायचं कशाला?”

“शिक की गं,” पलंगावरून बसलिंगप्पा म्हणाले. रिटायर झाल्यापासून काकूंचे हे यजमान जेवणापुरतेच पलंगावरून उतरत. “वय काय, चोपन्न तर हाय!”

टॉवेलच्या कारखान्यांमागच्या त्या गल्लीत काकूंचं नाव होतं ते याच गुणासाठी. सांभाळायला येणाऱ्या सहा पोरांपैकी कुणाला भूक लागली, कुणाला शी आली, हे त्यांना पोराच्या आधी कळायचं. पण मल्हार अडीच वर्षांचा झाला तरी बोलेना. त्याच्या आईनं, निंगव्वानं, सांगूनच टाकलं होतं, महिनाअखेरपर्यंत बघते, नाहीतर दुसरीकडं ठेवते. मल्हार गेला की गल्ली म्हणणार, काकूंकडं पोरं मुकी होतात. मग बाकीचीही जाणार.

म्हणून काकूंनी चरफडत प्रियंकाचं ऐकलं. पोरानं बघितलं की पेला हातात धरून गप्प बसायचं, मनात दहापर्यंत मोजायचं. त्यापेक्षा शंभर कडक भाकऱ्या थापणं परवडलं.

पहिल्या दिवशी सातवर पोचल्या, तोच बसलिंगप्पा कळवळले, “अगं दे की, लेकरू तळमळतंय!” आणि स्वतः उठून पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशी पाचवरच. तिसऱ्या दिवशी वर बिस्कीटही. स्वतःच्या पोरांना जन्मात पाणी न दिलेला माणूस!

बुधवारी ते दाढी करायला न्हाव्याकडं गेले. मल्हारनं पेल्याकडं बघितलं. काकू मोजत राहिल्या. नऊ. दहा. अकरा. मल्हार लालबुंद झाला, पाय आपटून कडाडला, “ए दाक्षे, पाणी आण की!”

हुबेहूब बसलिंगप्पांचा सूर. काकूंनी आधी पाणी दिलं, मग पोट धरून हसल्या, मग निंगव्वाला फोन लावून तिलाही ती आज्ञा ऐकवली.

बसलिंगप्पा गुळगुळीत गाल घेऊन उंबऱ्यात आले.

“उद्यापासून दहा ते एक तुमी देवळाच्या कट्ट्यावर बसायचं,” काकू म्हणाल्या. “जेवण एकनंतर.”